एक्सएमएल वापरून नेटवर्क उपकरणांचं कॉन्फिगरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राउटर, स्विच, फायरवॉल यांचं कॉन्फिगरेशन नेटकॉन्फ (उपकरणाशी बोलण्याचे ठरलेले नियम, म्हणजे प्रोटोकॉल) आणि एक्सएमएल (माहिती टॅगमध्ये लिहायची पद्धत) यांतून करायला घेतलं की जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून टॅग, ॲट्रिब्यूट आणि कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. उपकरणाला पाठवताना त्या रोमन लिपीत आणि लहान-मोठ्या अक्षरांसकट नेमक्या द्याव्या लागतात, कारण एक्सएमएलला लहान अक्षरातला टॅग आणि मोठ्या अक्षरातला टॅग हे दोन वेगळे टॅग वाटतात.

सीएलआयवर काम भागत असताना एक्सएमएल कशाला?

सीएलआयचं, म्हणजे कमांड टाइप करून उपकरण चालवायच्या पडद्याचं, आउटपुट माणसाच्या डोळ्यांसाठी असतं. स्क्रिप्टने ते वाचायचं म्हणजे ‘तिसऱ्या रकान्यातला आकडा उचल’ असं काहीतरी लिहावं लागतं. सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आली, रकाना एका जागेने सरकला, की स्क्रिप्ट भलताच आकडा उचलते आणि बोंब मारत नाही. कॉन्फिगरेशन पाठवतानाही तेच. चाळीस ओळी पेस्ट केल्या, सतरावी नाकारली गेली, तर उरलेल्या तेवीस तशाच लागू होतात. उपकरण अर्धं जुनं, अर्धं नवं राहतं.

हे दुखणं जुनं आहे. जून २००२ मध्ये नेटवर्क चालवणारे आणि प्रोटोकॉल लिहिणारे एका कार्यशाळेत एकत्र बसले. तिचा अहवाल आरएफसी (इंटरनेटशी संबंधित क्रमांकित दस्तऐवज) ३५३५ म्हणून २००३ मध्ये आला. चालवणाऱ्यांच्या मागण्या साध्या होत्या: कॉन्फिगरेशन आणि चालू स्थिती यांत स्पष्ट फरक हवा, दोन कॉन्फिगरेशनची तुलना सहज करता यावी, आणि बदल एक तर पूर्ण व्हावा किंवा अजिबात होऊ नये. त्यातून डिसेंबर २००६ मध्ये नेटकॉन्फ आलं (आरएफसी ४७४१). जून २०११ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आरएफसी ६२४१, आणि आज तीच प्रमाण मानली जाते.

एक्सएमएल हे या सगळ्याचं वेष्टन आहे. बदल आधी तपासून मग लागू करता येणं आणि चुकलं तर उपकरणाने स्वतःहून मागे येणं, यासाठी हा खटाटोप करायचा. नेटकॉन्फ घेतलं पण कॅन्डिडेट (बदलांचा कच्चा मसुदा, तो कमिट दिल्यावरच लागू होतो) आणि कन्फर्म्ड कमिट (ठरावीक वेळेत पक्का केला नाही तर मागे जाणारा कमिट) वापरलंच नाही, तर कष्ट वाढतात आणि धोका होता तेवढाच राहतो.

नेटकॉन्फ, यांग आणि एक्सएमएल यांचं नातं काय?

यांग हा साचा आहे. कोणतं फील्ड कुठे येतं, त्याचा प्रकार काय, कोणती किंमत चालते, हे तो सांगतो. त्या साच्यात भरलेली माहिती एक्सएमएलमध्ये लिहिली जाते आणि ती उपकरणापर्यंत नेण्याचे, लॉक करण्याचे, लागू करण्याचे नियम नेटकॉन्फचे. यांगची पहिली आवृत्ती २०१० ची (आरएफसी ६०२०), आवृत्ती १.१ ही २०१६ ची (आरएफसी ७९५०).

मग एसएनएमपी (उपकरणांवर नजर ठेवायचा जुना प्रोटोकॉल) टाकून द्यायचं का?

नाही. काउंटर आणि तापमान वाचायला ते अजूनही चांगलं चालतं. कॉन्फिगरेशन लिहायला मात्र ते कधीच रुजलं नाही, कारण बऱ्याच उपकरणांवर लिहिता येण्याजोगे ऑब्जेक्टच थोडे असतात आणि ‘एवढे पन्नास बदल एकगठ्ठा करा’ असं सांगायची नीट सोय त्यात नाही.

पहिलं सेशन जुळतंय का, हे हाताने कसं तपासायचं?

लायब्ररी वापरण्याआधी एकदा तरी हाताने करून बघाच. पुढे काही बिघडलं तर बिघाड कोणत्या थरात आहे ते यामुळे लगेच कळतं.

आधी उपकरणावर सेवा चालू करा. जुनोसवर (ज्युनिपरच्या उपकरणांची प्रणाली) ‘सेट सिस्टिम सर्व्हिसेस नेटकॉन्फ एसएसएच’ आणि कमिट. सिस्को आयओएस एक्सईवर कॉन्फिगरेशन मोडमध्ये ‘नेटकॉन्फ-यांग’. मग तुमच्या मशीनवरून एसएसएचने (सुरक्षित दूरस्थ जोडणी) पोर्ट ८३० ला जोडा आणि ‘नेटकॉन्फ’ ही सबसिस्टिम, म्हणजे त्या जोडणीवर चालणारी सेवा, मागा. ओपनएसएसएचमध्ये त्यासाठी लहान ‘एस’चा पर्याय असतो आणि ओळीच्या शेवटी सबसिस्टिमचं नाव. पासवर्ड दिला की उपकरण लगेच ‘हॅलो’ पाठवतं. त्यात क्षमतांची यादी आणि सेशन-आयडी असतो. तुम्हीही तुमचा हॅलो पाठवायचा आणि शेवटी ]]>]]> ही सहा चिन्हं द्यायची. दोन्ही बाजू एकमेकींची वाट न पाहता हॅलो पाठवतात, हे लक्षात ठेवा.

काय अडतं ते असं:

- जोडणीच नाकारली जाते: सेवा बंद आहे, किंवा मधल्या ॲक्सेस लिस्टमध्ये (कोणती वाहतूक जाऊ द्यायची त्याची यादी) एसएसएचचं नेहमीचं पोर्ट २२ उघडं आहे आणि ८३० नाही. दुसरं कारण फार वेळा सापडतं.
- हॅलोऐवजी सीएलआयचा प्रॉम्प्ट येतो: सबसिस्टिम मागायची राहिली.
- पासवर्ड चालतो, पण सेशन लगेच तुटतं: आयओएस एक्सईवर युजरला प्रिव्हिलेज १५, म्हणजे सर्वोच्च अधिकार, लागतो, आणि ट्रिपल-एमध्ये (ओळख, परवानगी आणि नोंद यांची व्यवस्था) एक्झेक ऑथरायझेशनही ठरवलेलं असावं लागतं.
- तुमचा हॅलो पोचताच उपकरण सेशन बंद करतं: हॅलोमध्ये तुम्ही सेशन-आयडी टाकलाय (तो फक्त सर्व्हरने द्यायचा असतो), किंवा एक्सएमएल डिक्लरेशनच्या आधी एखादी रिकामी ओळ किंवा अदृश्य बाइट-ऑर्डर चिन्ह आलंय. डिक्लरेशन असेल तर ते अगदी पहिल्या बाइटपासून सुरू व्हायला हवं.

हॅलोमध्ये बेस १.० आणि बेस १.१ (नेटकॉन्फच्या आवृत्त्या) दोन्ही दिसतात. मी कोणतं सांगू?

दोन्ही. फरक मुख्यतः मेसेज कुठे संपला हे ओळखण्याच्या पद्धतीत आहे. १.० मध्ये शेवटी ]]>]]> येतं. हीच चिन्हं मेसेजच्या आतल्या मजकुरात आली तर उपकरण तिथेच मेसेज संपला असं समजतं, आणि ही उघड सुरक्षा-त्रुटी आहे. म्हणून १.१ मध्ये प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी सांगतात: नवी ओळ, हॅश, आकडा, नवी ओळ, मग तेवढा मजकूर. सगळं संपलं की नवी ओळ, दोन हॅश, नवी ओळ. दोन्ही बाजूंनी १.१ सांगितलं असेल तर हॅलोनंतरचं सगळं याच पद्धतीने जातं. हॅलो स्वतः मात्र नेहमी जुन्याच पद्धतीने संपतो.

स्वतःचा क्लायंट लिहिणारे इथे हमखास ठेचकाळतात. लांबीचा आकडा अक्षरांचा नसतो, बाइटचा असतो. इंटरफेसच्या वर्णनात ‘मुख्य दुवा’ असं लिहिलं तर युनिकोडची १० चिन्हं होतात, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि स्पेसला १, म्हणजे २८ बाइट. मजकुराची लांबी एन्कोड करण्याआधी मोजली की आकडा १८ ने कमी पडतो. उपकरण मेसेजच्या मध्यभागी हॅश शोधायला लागतं आणि सेशन तोडतं. आधी एन्कोड करा, मग मोजा.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. क्षमता १.१ असली तरी मेसेजच्या नेमस्पेसच्या (टॅग कोणत्या शब्दसंग्रहातला ते सांगणाऱ्या नावाच्या) शेवटी ‘बेस:१.०’ असंच राहतं. तिथे १.१ लिहू नका.

नेमस्पेसचा एवढा बाऊ का? टॅगचं नाव बरोबर आहे ना?

‘इंटरफेसेस’ नावाचा टॅग आयईटीएफच्या (इंटरनेटची मानकं ठरवणारी संस्था) मॉडेलमध्ये, म्हणजे यांगच्या साच्यात, आहे, ओपनकॉन्फिगमध्ये (नेटवर्क चालवणाऱ्यांनी मिळून बनवलेली मॉडेल) आहे आणि बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या मॉडेलमध्येही असू शकतो. तुम्हाला नेमका कोणता म्हणायचाय, ते उपकरणाला फक्त नेमस्पेसवरून कळतं. चुकलं तर नशीब चांगलं असेल तर ‘अननोन-नेमस्पेस’ ही एरर मिळते. फिल्टरमध्ये (हवा तेवढाच भाग मागणाऱ्या विनंतीत) चुकलं तर एररही नाही, नुसतं रिकामं उत्तर.

तीन जागा विशेष जपा.

पहिली, ऑपरेशन ॲट्रिब्यूट. एखादा भाग डिलीट करायचा असेल तर हे ॲट्रिब्यूट नेटकॉन्फच्या नेमस्पेसमध्ये असावं लागतं, म्हणजे त्याला उपसर्ग हवाच. एक्सएमएलमध्ये डिफॉल्ट नेमस्पेस टॅगला लागू होतं, ॲट्रिब्यूटला होत नाही. उपसर्गाविना लिहिलेलं ॲट्रिब्यूट कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसतं. कडक सर्व्हर ते नाकारतो आणि सैल सर्व्हर मनानेच समजून घेतो. सगळ्यात वाईट तिसरा: तो ॲट्रिब्यूटकडे दुर्लक्ष करतो, डिलीटऐवजी मर्ज करतो (आहे त्यात मिसळतो) आणि ‘ओके’ पाठवतो. गंमत म्हणजे फिल्टरच्या ‘टाइप’ ॲट्रिब्यूटला असा उपसर्ग लागत नाही, त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

दुसरी, आयडेंटिटी प्रकारच्या किमती, म्हणजे मॉडेलमध्ये नाव दिलेल्या पर्यायांतून निवडायच्या किमती. आयईटीएफ-इंटरफेसेस मॉडेलमध्ये ‘टाइप’च्या आत ‘आयएएनएआयएफटी:इथरनेटसीएसएमएसीडी’ अशी किंमत जाते. तिथला उपसर्ग मजकुरात असला तरी तो त्या जागी जाहीर केलेला लागतो. दुसऱ्या फाइलमधून तुकडा उचलून चिकटवला आणि वरची नेमस्पेसची घोषणा मागे राहिली, की ‘इनव्हॅलिड-व्हॅल्यू’.

तिसरी, ऑगमेंट केलेले भाग. आयईटीएफ-आयपी मॉडेल इंटरफेसच्या आत आपले टॅग जोडतं, पण त्या टॅगचं नेमस्पेस त्याचं स्वतःचं असतं. बाहेरचं वारशाने येत असल्यामुळे डिक्लेअर करायचं राहिलं तर उपकरण ‘असा टॅगच नाही’ म्हणतं.

इंटरफेसचा आयपी बदलायला गेलो आणि इंटरफेसवर दोन पत्ते आले. असं का?

कारण एडिट-कॉन्फिगचं (कॉन्फिगरेशन बदलणारी आज्ञा) मूळ वागणं मर्जचं आहे. तुम्ही पाठवलं नाही ते पुसलं जात नाही, जसंच्या तसं राहतं. पत्त्यांची यादी ‘आयपी’ या कीवर, म्हणजे नोंद ओळखण्याच्या फील्डवर, चालते. नवा आयपी म्हणजे यादीतली नवी नोंद, जुनी शेजारीच बसलेली. सिस्कोच्या सीएलआयवर नवा पत्ता जुन्यावर चढतो, त्या सवयीने ही चूक होते.

जुना काढणं आणि नवा घालणं एकाच मेसेजमध्ये करा:

<आरपीसी मेसेज-आयडी="१०१"
  एक्सएमएलएनएस="यूआरएन:आयईटीएफ:पॅराम्स:एक्सएमएल:एनएस:नेटकॉन्फ:बेस:१.०"
  एक्सएमएलएनएस:एनसी="यूआरएन:आयईटीएफ:पॅराम्स:एक्सएमएल:एनएस:नेटकॉन्फ:बेस:१.०">
  <एडिट-कॉन्फिग>
    <टार्गेट><कॅन्डिडेट/></टार्गेट>
    <कॉन्फिग>
      <इंटरफेसेस एक्सएमएलएनएस="यूआरएन:आयईटीएफ:पॅराम्स:एक्सएमएल:एनएस:यांग:आयईटीएफ-इंटरफेसेस">
        <इंटरफेस>
          <नेम>ईटीएच१</नेम>
          <आयपीव्ही४ एक्सएमएलएनएस="यूआरएन:आयईटीएफ:पॅराम्स:एक्सएमएल:एनएस:यांग:आयईटीएफ-आयपी">
            <ॲड्रेस एनसी:ऑपरेशन="डिलीट">
              <आयपी>१९२.०.२.१०</आयपी>
            </ॲड्रेस>
            <ॲड्रेस>
              <आयपी>१९२.०.२.२०</आयपी>
              <प्रीफिक्स-लेंग्थ>२४</प्रीफिक्स-लेंग्थ>
            </ॲड्रेस>
          </आयपीव्ही४>
        </इंटरफेस>
      </इंटरफेसेस>
    </कॉन्फिग>
  </एडिट-कॉन्फिग>
</आरपीसी>

यात बघण्यासारखं बरंच आहे. एकच नेमस्पेस दोनदा जाहीर केलंय: एकदा टॅगसाठी उपसर्गाविना, एकदा ॲट्रिब्यूटसाठी ‘एनसी’ नावाने. डिलीट करताना यादीतल्या नोंदीची फक्त की दिली तरी पुरते. प्रत्येक नोंदीत की पहिली आली आहे, आणि ती पहिली देणं यांगच्या एक्सएमएल नियमांनुसार बंधनकारक आहे. आपल्या कोडमध्ये डिक्शनरीतून एक्सएमएल तयार होत असेल तर हा क्रम मुद्दाम तपासा.

मर्ज, रिप्लेस, क्रिएट, डिलीट, रिमूव्ह: कधी काय वापरायचं?

रोजच्या कामाला मर्ज. क्रिएट तेव्हा, जेव्हा ‘हे आधीपासून असेल तर मला थांबव’ असं म्हणायचं असतं. नोंद आधीच असली तर ‘डेटा-एक्झिस्ट्स’ येतं. डिलीट करायला गेलात आणि नोंदच नसली तर ‘डेटा-मिसिंग’. रिमूव्ह नसलं तरी गप्प राहतं, म्हणून पुन्हा पुन्हा चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ते सोयीचं. रिमूव्ह बेस १.१ बरोबर आलं, त्यामुळे फक्त १.० बोलणाऱ्या जुन्या उपकरणांवर ते मिळणार नाही.

रिप्लेस जपून वापरा. ते ज्या टॅगवर लिहाल त्याच्या खालचं सगळं पुसून तुमचं बसवतं. एका ‘इंटरफेस’वर लिहिलं तर त्या इंटरफेसपुरतं. एक पायरी वर ‘इंटरफेसेस’वर लिहिलं आणि आत एकच इंटरफेस दिला, तर बाकीच्या सगळ्यांचं कॉन्फिगरेशन गेलं. ‘डिफॉल्ट-ऑपरेशन’ रिप्लेस ठेवण्यात तर आणखी मोठा धोका आहे. आमचं मत असं, की डिफॉल्ट-ऑपरेशन ‘नन’ ठेवावं आणि जिथे बदल हवा त्या प्रत्येक जागी ऑपरेशन स्पष्ट लिहावं. मेसेज लांबतो, पण तपासणाऱ्याला काय बदलणार ते वाचून कळतं.

सुरक्षित बदलाचा पूर्ण क्रम सांगा.

कॅन्डिडेट असलेल्या उपकरणावर हा क्रम:

१. आधी कॅन्डिडेट, मग रनिंग (सध्या चालू असलेलं कॉन्फिगरेशन) लॉक करा.
२. एडिट-कॉन्फिगने बदल कॅन्डिडेटमध्ये घाला. मोठा बदल अनेक मेसेजमध्ये विभागला तरी चालतं, कारण अजून काहीच लागू झालेलं नाही.
३. व्हॅलिडेट चालवा. एका जागेने दुसऱ्या जागेकडे बोट दाखवलं असेल आणि ती जागाच नसेल, किंवा यांगमधली ‘मस्ट’ अट मोडत असेल, तर ते इथे किंवा कमिटला उघड होतं. एडिट-कॉन्फिगला ओके आलं म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका.
४. कन्फर्म्ड कमिट द्या, वेळ आणि पर्सिस्ट टोकन (सेशन तुटलं तरी बदल टिकवणारी खूण) घालून.
५. नवीन सेशन उघडून आणि बाहेरून पिंग करून तपासा.
६. ठीक असेल तर दुसरा कमिट देऊन पक्कं करा.
७. उलट क्रमाने अनलॉक करा आणि क्लोज-सेशन द्या.

कमिट जमलं नाही तर रनिंगला धक्का लागत नाही. मानकाची अट तशी आहे, आणि सीएलआयवर पेस्ट करण्यापेक्षा या पद्धतीला जास्त किंमत आहे ती इथेच.

कन्फर्म्ड कमिटला वेळ किती द्यावी?

काही सांगितलं नाही तर ६०० सेकंद मिळतात. तेवढ्यात दुसरा कमिट आला नाही तर उपकरण स्वतःहून जुन्या कॉन्फिगरेशनवर जातं. दूरच्या राउटरशी तुमचाच संपर्क तोडणारा बदल करून बसलात, तर हीच दहा मिनिटं तुम्हाला वाचवतात.

वेळ कमी करायचा मोह होतो. त्याआधी तुमच्या राउटिंगचा विचार करा. बीजीपीचा (राउटरांनी एकमेकांना मार्ग सांगायचा प्रोटोकॉल) होल्ड टाइम, म्हणजे गप्प झालेल्या शेजाऱ्याची वाट बघायची मुदत, सिस्कोवर मुळात १८० सेकंद असतो, जुनोसवर ९०. शेजाऱ्याकडे जाणारा रस्ता तुम्ही तोडला असला तरी शेजारी तेवढा वेळ ‘चालू’ दिसत राहू शकतो. तिसाव्या सेकंदाला तपासून पक्का कमिट दिला, तर तुम्ही बिघाडच पक्का केला. होल्ड टाइम उलटून गेल्यावर तपासा आणि टायमर त्याहून निदान काही मिनिटं मोठा ठेवा.

पर्सिस्टचं महत्त्व असं, की ते दिलं नसेल आणि मधेच सेशन तुटलं तर उपकरण टायमरची वाट न बघता लगेच मागे जातं. मॅनेजमेंटचा आयपी बदलताना तुमचं सेशन तुटणारच आहे, म्हणजे बदल कधीच टिकणार नाही. पर्सिस्टमध्ये एखादं टोकन द्या, नव्या पत्त्यावर नवीन सेशन उघडा आणि त्याच टोकनचं पर्सिस्ट-आयडी देऊन कमिट करा.

उत्तर ‘ओके’ आलं, पण उपकरणावर काहीच बदललं नाही.

बहुतेक वेळा बदल कॅन्डिडेटमध्येच आहे आणि कमिट राहिला. तसं नसेल तर वर सांगितलेलं उपसर्गाविना ऑपरेशन ॲट्रिब्यूट बघा. रीबूटनंतर बदल गेला असेल, तर उपकरणाला वेगळं स्टार्टअप (रीबूटला वाचलं जाणारं कॉन्फिगरेशन) आहे आणि रनिंगमधून स्टार्टअपमध्ये कॉपी-कॉन्फिग करायचं राहिलं. कॉन्फिगरेशनमध्ये बदल दिसतो पण प्रत्यक्षात लागू नाही, अशीही वेळ येते. जे कार्ड अजून खोबणीत बसवलेलंच नाही त्याचं कॉन्फिगरेशन आधी लिहून ठेवता येतं. २०१८ च्या आरएफसी ८३४२ ने यासाठीच ‘इंटेंडेड’ (काय हवं ते) आणि ‘ऑपरेशनल’ (प्रत्यक्षात काय चालू आहे ते) हे डेटास्टोअर, म्हणजे माहितीचे साठे, वेगळे केले, आणि उपकरण साथ देत असेल तर दोन्ही वाचून तुलना करा.

लॉक मिळत नाही. काय करू?

‘लॉक-डिनाइड’ एररच्या आत लॉक कोणाकडे आहे त्याचा सेशन-आयडी येतो. शून्य आला तर लॉक धरणारा नेटकॉन्फवरचा नाही, बहुधा कोणीतरी सीएलआयवर कॉन्फिगरेशन मोडमध्ये बसलेलं आहे. त्याला जाऊन विचारा. किल-सेशन हा शेवटचा उपाय. त्याने समोरच्याचं सेशन तुटतं, त्याचं लॉक सुटतं, आणि त्याने कॅन्डिडेट लॉक करून केलेले अर्धवट बदल पुसले जातात. तो कन्फर्म्ड कमिटच्या मध्यावर असेल तर उपकरण मागेही जाऊ शकतं.

कोणाचंच लॉक नाही तरी नकार येत असेल, तर कॅन्डिडेटमध्ये कोणाचे तरी कमिट न केलेले बदल पडून आहेत. अशा स्थितीत लॉक द्यायचं नाही असाच नियम आहे. कॅन्डिडेट आणि रनिंग दोन्ही गेट-कॉन्फिगने काढून फरक बघा, मालक शोधा, मग डिस्कार्ड-चेंजेस. स्क्रिप्टच्या सुरुवातीला डोळे झाकून डिस्कार्ड-चेंजेस टाकण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. दुसऱ्याची तासाभराची मेहनत त्यात जाते.

सगळं कॉन्फिगरेशन मागवलं की टाइमआउट होतो.

फिल्टर लावा. सबट्री फिल्टर म्हणजे हव्या त्या भागाचा रिकामा सांगाडा पाठवणं: आत काही न लिहिलेला टॅग म्हणजे ‘हा भाग दे’, आत किंमत लिहिलेला टॅग म्हणजे ‘ही किंमत असलेलीच नोंद दे’. फिल्टर अजिबात दिला नाही तर सगळं येतं. फिल्टर टॅग दिला पण आत काहीच नाही, तर काहीच येत नाही. नुसतं ‘गेट’ वापरलं तर कॉन्फिगरेशनबरोबर काउंटर आणि राउटिंग टेबलही येऊ शकतात, आणि मोठ्या राउटरवर ते प्रोसेसरला जड जातं. एक्सपाथ (एक्सएमएलमधल्या जागेचा पत्ता लिहायची भाषा) फिल्टर आटोपशीर असतो, पण उपकरणाने हॅलोमध्ये ती क्षमता सांगितली असेल तरच वापरा.

पायथनच्या एनसीक्लायंट लायब्ररीत उत्तराची मुदत मुळात ३० सेकंद असते. मोठ्या कमिटला ती अपुरी पडते, वाढवून घ्या. टाइमआउट तुमच्या बाजूला झाला म्हणजे कमिट झाला नाही असं नव्हे. पुन्हा पाठवण्याआधी रनिंग वाचा.

एररचा मेसेज कसा वाचायचा?

माणसासाठी लिहिलेला ‘एरर-मेसेज’ शेवटी वाचा, कारण त्यातली वाक्यं प्रत्येक कंपनीची वेगळी. आधी ‘एरर-टॅग’ बघा, तो ठरावीक यादीतलाच असतो, स्क्रिप्टमधले निर्णय त्यावरच घ्या. मग ‘एरर-पाथ’, म्हणजे नेमकी जागा. ‘एरर-सिव्हेरिटी’ वॉर्निंग असेल तर काही उपकरणं काम करूनही आरपीसी-एरर पाठवतात, आणि लायब्ररी त्यालाच अपयश समजून थांबते. ‘मिसिंग-ॲट्रिब्यूट’ आलं तर बहुधा मेसेज-आयडी राहिला. ‘ॲक्सेस-डिनाइड’ म्हणजे परवानगीचा प्रश्न, मेसेजमध्ये चूक शोधत बसू नका.

वर्णनात ‘&’ लिहिलं की मेसेज फुटतो.

फुटणारच. ते ‘&’ नंतर रोमन अक्षरांत ‘एएमपी’ आणि अर्धविराम असं लिहावं लागतं; ‘<’ चंही तसंच. मूळ चूक मात्र मजकूर जोडून जोडून एक्सएमएल बनवण्यात आहे. एलएक्सएमएलसारख्या लायब्ररीने ट्री तयार करा, ही चिन्हं ती स्वतः सांभाळते. सुंदर दिसावं म्हणून इंडेंट करताना किंमत आणि टॅग वेगवेगळ्या ओळींवर टाकू नका. स्ट्रिंग प्रकारात ती नवी ओळ आणि स्पेस किमतीचाच भाग होतात.

वर्णन मराठीत लिहिलं तर यांगच्या स्ट्रिंगला हरकत नाही. टॅगची नावं मात्र नाही: एक्सएमएलला देवनागरी टॅग मान्य आहेत, यांगला फक्त रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, हायफन आणि टिंब.

बॅकअप ठेवून रोज फरक बघायचाय.

रनिंगचं गेट-कॉन्फिग काढा, कॅनॉनिकल, म्हणजे ठरलेल्या एकाच, रूपात आणा, गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन) टाका. कॅनॉनिकल रूपामुळे ॲट्रिब्यूटचा क्रम स्थिर होतो, यादीतल्या नोंदींचा होत नाही. जिथे क्रमाला अर्थ नाही अशा याद्या कीनुसार तुम्हीच लावून घ्या. ॲक्सेस लिस्टसारख्या जिथे क्रमाला अर्थ आहे त्या मात्र हलवू नका. डिफॉल्ट किमती कधी दिसतात कधी नाही, असं होत असेल तर विथ-डिफॉल्ट्स (आरएफसी ६२४३) वापरून एकच पद्धत ठरवा.

दोन सावधगिरी. नेटकॉन्फचा ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे एनएसीएम, ज्या भागाची वाचायची परवानगी नाही तो उत्तरातून गुपचूप वगळतो, एरर देत नाही. कमी अधिकाराच्या युजरने घेतलेला बॅकअप पूर्ण दिसतो, पण नसतो. आणि पूर्ण अधिकाराच्या युजरने घेतला तर त्यात पासवर्डचे हॅश आणि किल्ल्या असतात, तो उघड्या रिपॉझिटरीत ठेवू नका.

वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं आहेत. मॉडेल कोणतं घ्यावं?

हॅलो आणि यांग लायब्ररीतून (उपकरणातली मॉडेलची यादी) उपकरण काय काय बोलतं ते बघा, गेट-स्कीमाने मॉडेल त्याच्याकडूनच उतरवून घ्या आणि पायांग किंवा यांगलिंट या साधनाने मॉडेलचं झाड काढून वाचा. इंटरनेटवरून उचललेलं मॉडेल तुमच्या आवृत्तीचं असेलच असं नाही. ‘डेव्हिएशन’ची मॉड्यूल आवर्जून वाचा, मानक मॉडेलमधलं काय चालत नाही ते त्यात असतं. ओपनकॉन्फिग किंवा आयईटीएफचं मॉडेल पुरत असेल तर ते घ्या, नाहीतर कंपनीचं. पण एकच गोष्ट दोन मॉडेलमधून लिहू नका. एकाने घातलेलं दुसऱ्याने पुसण्याचे प्रकार शोधून काढायला दिवस जातात.

रेस्टकॉन्फ (वेबच्या एचटीटीपीवरून चालणारा पर्याय) आणि जेसन (माहिती लिहायची दुसरी पद्धत) सोपं नाही का?

एखादी किंमत वाचायला किंवा छोटा बदल करायला सोपं आहे. रेस्टकॉन्फ (आरएफसी ८०४०, २०१७) एक्सएमएल आणि जेसन दोन्ही बोलू शकतं. पण त्यात लॉक नाही, आणि अनेक विनंत्यांमध्ये पसरलेला बदल एका कमिटने लागू करायची नेटकॉन्फसारखी सोय नाही. जेसनकडे वळताना ६४ बिटचे आकडे अवतरणचिन्हांत स्ट्रिंग म्हणून येतात, हे पार्सर लिहिताना लक्षात असू द्या.

उपकरणात कॅन्डिडेटच नाही. मग?

मग बदल थेट रनिंगमध्ये जातो. हॅलोमध्ये रोलबॅक-ऑन-एरर क्षमता असेल तर प्रत्येक एडिट-कॉन्फिगमध्ये ती मागा. न मागितल्यास उपकरण पहिल्या चुकीला थांबतं आणि आधीचं लागू झालेलं तसंच राहतं. एकमेकांवर अवलंबून असलेले बदल एकाच मेसेजमध्ये घाला, कारण रोलबॅक त्या एका मेसेजपुरताच असतो. स्टार्टअपमध्ये लगेच कॉपी करू नका. आधी उपकरणावर ठरावीक वेळाने रीबूट होण्याची आज्ञा देऊन ठेवा, मग बदल करा. संपर्क तुटला तर रीबूटनंतर जुनं स्टार्टअप परत येईल. सगळं ठीक दिसलं की ती आज्ञा रद्द करा आणि मगच कॉपी-कॉन्फिग द्या.